किल्ला कॅन्सरचा, किल्ली एपिजेनेटिक्सची!

एकाच जिल्ह्यात असा भुईकोट किल्ला, जिथं इंग्रजांनी देशाचे पुढारी डांबून ठेवले. आणि त्याच जिल्ह्यात असं गाव, जिथं घरांना दारंच नाहीत! ओळखलंत ना? आपला नगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर. १४ तालुके, १७,०४८ चौरस किलोमीटर, क्षेत्रफळात महाराष्ट्रात नंबर वन.

पण माहीत आहे का? तुमच्या पेशीपेशीत असाच एक नगर जिल्हा वसलाय! काही जनुकं किल्ल्यात बंद, काही बिनदाराच्या घरात मोकळी. कुणाला कोंडायचं आणि कुणाला बोलू द्यायचं, हे ठरवणाऱ्या कारभाराचं नाव एपिजेनेटिक्स. हा कारभार बिघडला की कॅन्सरचं फावतं. आणि बिघडलेला कारभार सुधारता येतो, ही आजची सगळ्यात मोठी बातमी!

चला, माळीवाडा स्टँडवरून आपली लालपरी सुटतेय. खिडकीची जागा पकडा!

शिंगणापूर पॅटर्न

पहिला थांबा नेवासा तालुका. शनिशिंगणापुरात परंपरेनं घरांना दरवाजे नाहीत, कडीकोयंडे नाहीत. २०११ साली तिथं यूको बँकेची शाखा उघडली, तीही ‘लॉकलेस’ म्हणून देशभर गाजली!

पेशीतही अशी वस्ती असते. डीएनए ज्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो, त्यांना अॅसिटिल नावाचा छोटासा रासायनिक तुकडा चिकटला की गुंडाळी सैल पडते. दार सताड उघडं! जनुक वाचणारी यंत्रणा आत शिरते आणि जनुक कामाला लागतं.

किल्ला आणि १९४२

माहीत आहे का? ऑगस्ट १९४२ मध्ये पंडित नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल नगरच्या किल्ल्यात कैद झाले. आणि त्याच १९४२ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉनराड वॉडिंग्टन यांनी ‘एपिजेनेटिक्स’ हा शब्द जगाला दिला! डीएनएची दुपदरी रचना उलगडायला अजून ११ वर्षं होती.

पेशीतल्या किल्ल्यात डीएनए इतका घट्ट आवळलेला असतो, की त्यातली जनुकं असून नसल्यासारखी. पण कैद म्हणजे शेवट नव्हे. नेहरूंनी याच किल्ल्यात ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून काढलं. कोंडलेली जनुकंही संधी मिळाली की बोलतात. थांबा, तो किस्सा जरा पुढे!

हंसाच्या रक्तातलं रीळ

एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर किती लांब? साधारण दोन मीटर! उंच माणसापेक्षाही लांब दोरा, आणि तो मावतो कुठे? उघड्या डोळ्यांना न दिसणाऱ्या केंद्रकात.

ही जादू रिळांची. हिस्टोन नावाची आठ प्रथिनं मिळून एक रीळ बनतं आणि त्याभोवती डीएनएची १४७ अक्षरं जेमतेम पावणेदोन वेढे घेतात. मग पुढचं रीळ, मग त्याच्या पुढचं. हे हिस्टोन १८८४ मध्ये पहिल्यांदा सापडले ते चक्क हंसाच्या रक्तात! शोधणारे जर्मन शास्त्रज्ञ आल्ब्रेख्त कोसेल. १९१० चं नोबेलही त्यांनाच.

मिथाइलची मिठी

एक कार्बन, तीन हायड्रोजन. बस्स! एवढासा मिथाइल गट डीएनएला बिलगला की जनुकाचा आवाज बसतो. आपल्या जनुकसंचात अशा मिठीच्या सुमारे २ कोटी ८० लाख जागा आहेत आणि त्यातल्या ७० ते ८० टक्के जागांवर मिथाइल बसलेलाच असतो.

ही मिठी हवीच, बरं का! तिच्यामुळेच डोळ्याच्या पेशीत यकृताची जनुकं बडबड करत नाहीत. गोंधळ होतो तो मिठी चुकीच्या गळ्यात पडली की.

नाथांचं प्रूफरीडिंग

नेवाशात आलोच आहोत, तर ज्ञानेश्वरांच्या पैस खांबाला नमस्कार करून पुढे जाऊ. ज्ञानेश्वरी इथं सांगितली गेली ती शके १२१२, म्हणजे १२९० साली. पुढं नकला होताना पाठभेद शिरले आणि शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये पैठणच्या एकनाथ महाराजांनी शुद्ध प्रत तयार केली.

आता कॅन्सरकडे वळा. जनुकातलं अक्षरच बदललं तर ते म्युटेशन, म्हणजे पाठभेद. पण समजा, अक्षर न् अक्षर शुद्ध आहे, फक्त दोन पानं एकमेकांना चिकटलीत? मजकूर बरोबर, तरी वाचता येत नाही! हा झाला एपिजेनेटिक घोटाळा. चिकटलेली पानं अलगद सोडवता येतात, हीच तर गंमत!

दिवसा दिवे, रात्री लोडशेडिंग!

भर दुपारी रस्त्यावरचे दिवे चालू आणि रात्री घरात लोडशेडिंग. असा उलटा कारभार पाहिलाय? कॅन्सरच्या पेशीत अगदी हेच चालतं!

१९८३ मध्ये अँड्र्यू फाइनबर्ग आणि बर्ट वोगेलस्टाइन यांनी दाखवलं, की ट्यूमरच्या डीएनएवरून मिथाइल गळून पडलेले असतात. म्हणजे जे बंद हवं ते चालू. नंतर कळलं की त्याच पेशीत काही मोक्याच्या जागी मिथाइलची भलतीच गर्दी असते, नेमकी ट्यूमरला ब्रेक लावणाऱ्या जनुकांच्या दारात. म्हणजे जे चालू हवं ते बंद. एकाच पेशीत दोन्ही घोटाळे, तेही एकाच वेळी!

मौन घेतलेलं, मौन लादलेलं

नगरजवळच्या अरणगावचं मेहेराबाद जगभर प्रसिद्ध आहे. अवतार मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ ला इथं मौन धरलं, ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवीपर्यंत. तब्बल साडेत्रेचाळीस वर्षं! अक्षरफळ्यावर बोट ठेवून आणि खुणांनी ते संवाद साधत.

त्यांचं मौन स्वतः स्वीकारलेलं. पेशीत मात्र काही जनुकांवर मौन लादलं जातं. ‘पी१६’ हे असंच एक जनुक. पेशी उगाच दुभंगायला लागली की ‘थांब!’ म्हणणं हे त्याचं काम. तोंडाच्या अनेक कॅन्सरमध्ये मिथाइल या जनुकाचं तोंड दाबतं. थांब म्हणणारंच गप्प, मग थांबणार कोण?

कळसूबाईवरून सुटलेला चेंडू

चला अकोले तालुक्यात! कळसूबाई, उंची १,६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर. कल्पना करा, शिखरावरून एक चेंडू सोडला. कुठल्या घळीत शिरेल? एकदा घळ धरली की धरली, शेजारच्या दरीत उडी नाही.

वॉडिंग्टन यांनी १९५७ मध्ये पेशीच्या वाढीचं अगदी असंच चित्र रेखाटलं. वरची मूळपेशी घरंगळत खाली येते आणि वाटेतल्या घळींनुसार त्वचा, स्नायू किंवा मेंदूची पेशी होते. कॅन्सरची पेशी ही वाट मोडते. अर्ध्यावरून उलटी वर चढते, नाहीतर भलत्याच घळीत अडकते.

घळी बदलता येतात का हो? हिवरेबाजार आणि राळेगणसिद्धीला विचारा. पाऊस तोच, डोंगर तोच, पण समतल चर खोदले, नालाबांध घातले आणि पाण्याची वाट बदलली. एपिजेनेटिक औषधांचा डाव नेमका हाच!

झहीरचा चेंडू, अॅक्ट्रेकची पट्टी

श्रीरामपूरचा झहीर खान! २०११ च्या वर्ल्डकपमध्ये २१ बळी. त्याच्या रिव्हर्स स्विंगचं गुपित काय? चेंडू तोच, पण एका बाजूची लकाकी राखली, दुसरी खरखरीत होऊ दिली. पृष्ठभाग बदलला की वाट बदलते.

हिस्टोनचंही तसंच. खारघरच्या अॅक्ट्रेक संस्थेत, म्हणजे टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात, संजय गुप्ता यांच्या गटानं जठराच्या कॅन्सरमध्ये एका हिस्टोनवरची फॉस्फेटची खूण तपासली. गाठीत ती जास्त होती. पण गाठीजवळच्या, सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी दिसणाऱ्या भागातही ती रेंगाळत होती, आणि अंतर वाढलं की उतरत होती! २०१६ च्या त्यांच्या शोधनिबंधानं शस्त्रक्रियेत चार सेंटिमीटरपेक्षा जास्त निरोगी कड का हवी, याला रेणूंच्या पातळीवरचा पुरावा दिला. डोळ्यांना निरोगी, हिस्टोनला मात्र ठाऊक!

राणी व्हायचंय मला!

माहीत आहे का? मधमाश्यांची राणी आणि कामकरी माशी यांच्या जनुकांत काहीच फरक नसतो! फरक असतो ताटात. जिला शेवटपर्यंत रॉयल जेली मिळते ती राणी होते, वर्षानुवर्षं जगते. बाकीच्या काही आठवड्यांच्या पाहुण्या.

२००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी कमाल केली. अळ्यांमधलं मिथाइल चिकटवणारं एक एन्झाइम त्यांनी बंद पाडलं, आणि बहुतेक अळ्या राण्या होऊनच बाहेर आल्या! कॅन्सरशी नातं? याच एन्झाइमची माणसातली भावंडं अडवणारी औषधं आज रक्ताच्या कॅन्सरवर दिली जातात.

तिरंगी म्याऊ

पांढरी, काळी आणि तांबूस अशी तिरंगी मांजर दिसली की डोळे मिटून सांगा, ‘ही मांजरी आहे, बोका नाही!’ शंभरात नव्याण्णव वेळा बरोबर याल. मादीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक कुलूपबंद होतं. कुठे तांबूस रंगाचं, कुठे काळ्या. १९६१ मध्ये मेरी लायन यांनी हे कोडं सोडवलं.

आणि कॅन्सरचा सुगावा इथंच लागला! १९६५ मध्ये लिंडर आणि गार्टलर यांनी बायकांच्या गर्भाशयातल्या साध्या गाठी तपासल्या. प्रत्येक गाठीत सगळ्या पेशींचं एकच एक्स बंद. अर्थ काय? अख्खी गाठ एकाच पेशीपासून वाढलेली! मग हीच युक्ती कॅन्सरवर वापरून त्याचाही उगम एका पेशीत असल्याचे पुरावे मिळत गेले.

गाठीतून निघाले बेडूकमासे

आता सगळ्यात भन्नाट! १९६९ मध्ये रॉबर्ट मॅकिनेल यांच्या गटानं बेडकाच्या मूत्रपिंडातल्या कॅन्सरच्या पेशीचं केंद्रक काढलं आणि ते बिनकेंद्रकाच्या अंड्यात घातलं. झालं काय? पोहणारे बेडूकमासे!

१९७५ मध्ये अमेरिकेत बिआट्रिस मिंट्झ यांनी उंदराच्या ट्यूमरच्या पेशी उंदराच्या कोवळ्या गर्भात सोडल्या. जन्मली निरोगी पिल्लं, अंगात त्याच पेशींचे वंशज! ज्या पेशी गाठ बनवत होत्या, त्याच आता निमूटपणे शरीर घडवत होत्या. संगत बदलली, वागणूक बदलली.

गुन्हा घडला, पण हत्यार कुठंय?

लहान मुलांच्या लहान मेंदूजवळ होणारा एपेंडिमोमा हा एक ट्यूमर. २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या एका प्रकाराचा डीएनए अक्षरन् अक्षर वाचून काढला. वारंवार दिसणारं म्युटेशन किती सापडलं? शून्य! मिथाइलची मांडणी मात्र पार विस्कटलेली. मजकुरात खोट नसतानाही कॅन्सर होऊ शकतो, याचा इतका ठसठशीत नमुना दुसरा शोधावा लागेल.

नगरचा डबल रोल

‘अर्धसत्य’मधला रामा शेट्टी, ‘सडक’मधली महाराणी! आपले नगरचे सदाशिव अमरापूरकर. पडद्यावर थरकाप उडवणारा खलनायक, प्रत्यक्षात सामाजिक कामात रमणारा सज्जन माणूस.

पेशीतला असा कलाकार म्हणजे ईझेडएच२. हिस्टोनवर मिथाइल लिहून जनुकं बंद करणारं एन्झाइम. काही लिम्फोमांमध्ये ते अतिउत्साही होतं आणि कॅन्सर वाढवतं. रक्ताच्या काही दुसऱ्या कॅन्सरमध्ये मात्र ते हरवल्यामुळेच आजार बळावतो! एकाच नटाची दोन रूपं. म्हणून ते अडवणारं औषध सरसकट सगळ्यांना देता येत नाही. २०२० मध्ये अमेरिकेत ‘टॅझेमेटोस्टॅट’ला एका दुर्मीळ सार्कोमासाठी मान्यता मिळाली.

बशीत फडफडले स्नायू!

हा तो राखून ठेवलेला किस्सा. अॅझासिटिडिन हे औषध १९६० च्या दशकात चेकोस्लोव्हाकियात तयार झालं, पेशी मारण्यासाठी. १९७० च्या दशकात पीटर जोन्स आणि सहकाऱ्यांनी ते उंदराच्या साध्या पेशींवर टाकलं. काही दिवसांनी पाहतात तर काय, बशीत स्नायूच्या पेशी तयार, आणि चक्क आकुंचन पावताहेत!

औषधानं मिथाइलची मिठी सोडवली होती. कोंडलेली स्नायूची जनुकं बोलती झाली होती. पुढं उलगडलं की मोठा डोस पेशी मारतो, पण बेताचा डोस कुलपं उघडतो. २००४ मध्ये बोनमॅरोच्या एमडीएस या आजारासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. या घराण्यातलं पहिलंच औषध!

पेशी रंगली लाल

१९७१ मध्ये शार्लट फ्रेंड यांनी उंदराच्या ल्युकेमियाच्या पेशींवर डीएमएसओ हे साधं द्रावक टाकलं. पेशी हिमोग्लोबिन बनवू लागल्या, लाल झाल्या! उनाड पोरं एकदम कामाला लागावीत तसं.

पॉल मार्क्स आणि रोनाल्ड ब्रेस्लो यांनी हा धागा धरून तीन दशकं पाठपुरावा केला आणि व्होरिनोस्टॅट घडवलं. हे औषध ‘एचडॅक’ला अडवतं. एचडॅक म्हणजे अॅसिटिल पुसून दार लावून घेणारं एन्झाइम. त्वचेतल्या एका लिम्फोमासाठी २००६ मध्ये मान्यता. द्रावकाच्या बाटलीपासून औषधाच्या कुपीपर्यंत ३५ वर्षं. याला म्हणतात चिकाटी!

आतल्या भुतांना जाग

माहीत आहे का? तुमचा सुमारे ८ टक्के डीएनए जुन्या विषाणूंचा आहे! लाखो वर्षांपूर्वी पूर्वजांच्या जनुकांत घुसले आणि तिथंच राहिले. मिथाइलनं त्यांना झोपवून ठेवलंय.

२०१५ मध्ये दोन गटांनी दाखवलं, की अॅझासिटिडिनच्या जातीची औषधं कॅन्सरच्या पेशीतल्या या विषाणूंना जागं करतात. पेशीला वाटतं, ‘बाप रे, इन्फेक्शन!’ ती इंटरफेरॉनची बोंब ठोकते आणि लपलेला चोर रोगप्रतिकारशक्तीला सापडतो. भुताच्या भीतीनं चोर पकडला!

विषाची परीक्षा, पास!

एपीएल हा एकेकाळी झपाट्यानं जीव घेणारा ल्युकेमिया. त्यात दोन जनुकं चुकून जोडली जातात आणि तयार झालेलं प्रथिन एचडॅकला बोलावून पेशीच्या पक्व होण्याला कुलूप घालतं. पेशी कायमची पोरवयात!

१९८० च्या दशकात शांघायच्या वांग झेन-यी यांनी अ जीवनसत्त्वाचा एक भाऊबंद, रेटिनॉइक आम्ल, वापरून हे कुलूप उघडलं. पेशी मारल्या नाहीत, तर मोठ्या केल्या! जोडीला आर्सेनिक आलं, आपल्या जुन्या वैद्यांच्या ‘सोमल’च्या घरातलं. आज या जोडीवर कमी-मध्यम धोक्याच्या गटातले दहापैकी नऊहून जास्त रुग्ण बरे होतात. अर्थात, हे रुग्णालयातच, डॉक्टरांच्या देखरेखीत. घरी सोमल म्हणजे निव्वळ विष.

बिनकुलपाचा रेणू

जेम्स ब्रॅडनर, बॉस्टन, २०१०. हिस्टोनवरच्या खुणा ‘वाचणाऱ्या’ प्रथिनाचे डोळे झाकणारा जेक्यू१ हा रेणू त्यांच्या प्रयोगशाळेत तयार झाला. तिजोरीत दडवून ठेवायचा? छे! त्यांनी रचना खुली केली आणि मागेल त्या प्रयोगशाळेला नमुने पाठवले. शास्त्रातलं शनिशिंगणापूरच हे!

पुण्याचा स्विच

नगरहून पुणे किती लांब? एसटीनं तीन-चार तास. तिथं संजीव गलांडे यांनी एसएटीबी१ या प्रथिनावर दीर्घ काळ काम केलं, आधी राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात, मग आयसरमध्ये. २०१० चा भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला.

हे प्रथिन डीएनएच्या मोठमोठ्या घड्या एकत्र बांधतं. २००६ मध्ये त्यांच्या गटानं त्याचा स्विच दाखवला. फॉस्फेट लागला की ते एचडॅकशी हात मिळवून जनुकं बंद करतं, फॉस्फेट निघाला की जनुकं उघडतात! आणि कॅन्सर? २००८ मध्ये अमेरिकेतल्या तेरुमी कोही-शिगेमात्सू यांच्या गटाला आढळलं, की स्तनाच्या आक्रमक कॅन्सरमध्ये हे एकटं प्रथिन हजारावर जनुकांचा सूर बदलतं. एक कारभारी, हजार खाती!

गालफडातला घोटाळा

आता थोडं गंभीर. भारतातल्या पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कॅन्सर तोंडाचा. तंबाखूची चिमूट, गुटख्याची पुडी, सकाळची मिश्री. महाराष्ट्रानं २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी सवय हटता हटत नाही.

पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि आपलं अॅक्ट्रेक यांनी मिळून हिरडी-गालाच्या कॅन्सरचा जनुकनकाशा काढला. २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. वारंवार बिघडलेल्या जनुकांत कोण सापडलं? एमएलएल४, म्हणजे हिस्टोनवर खुणा लिहिणारा लेखक! आणि एआरआयडी२, म्हणजे रिळं सरकवणाऱ्या टोळीतला गडी! तंबाखू नुसती अक्षरं खोडत नाही, लेखणीच मोडते.

पाच वर्षांची पावती

विडी-सिगारेट सोडणाऱ्यांनो, ही पावती तुमच्यासाठी! २०१६ मध्ये सुमारे १६,००० लोकांच्या रक्तातल्या मिथाइलच्या खुणा एकत्र तपासल्या गेल्या. धूम्रपानानं सात हजारांहून जास्त जनुकांवर ठसे उमटवले होते. पण सोडल्यावर पाच वर्षांत बहुतेक ठसे पुसले गेले, न ओढणाऱ्यांइतके! काही हट्टी ठसे मात्र ३० वर्षांनंतरही टिकून होते.

म्हणजे? शरीर माफ करायला तयार आहे, फक्त उशीर करू नका.

भाकरी फॅक्टर

बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी. यातला चोथा आपल्याला पचत नाही, पण आतड्यातल्या जिवाणूंची तो मेजवानी! ते त्यातून ब्युटिरेट बनवतात. आणि ब्युटिरेट चक्क एचडॅक अडवतं!

खरी मजा पुढे. मोठ्या आतड्याची निरोगी पेशी ब्युटिरेट इंधन म्हणून जाळून टाकते. कॅन्सरची पेशी साखरेच्या नादी लागलेली, म्हणून तिच्यात ब्युटिरेट साचतं आणि कुलपं उघडायला लागतं. घरच्या पेशीला घास, चोराला फास!

साखरेची राख

प्रवरानगर! १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखान्याचा गाळप हंगाम सुरू झाला. साखरेचा जिल्हा म्हणावा असा आपला नगर.

कॅन्सरची पेशीही साखरेची भोक्ती. ती अर्धवट जाळून लॅक्टेट करते, हे ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकातच दाखवलं. हे लॅक्टेट म्हणजे नुसती राख, असं सगळे धरून चालले. २०१९ मध्ये शिकागोत उलगडलं, की ते थेट हिस्टोनला चिकटतं आणि जनुकं चालू करतं! राखेतून ठिणगी! मात्र गोड बंद केलं की कॅन्सर बरा, असा अर्थ काढू नका. निरोगी पेशींनाही साखर लागतेच.

हळद, पण हळू!

हळदीच्या जखमेवरच्या वापराचं अमेरिकी पेटंट भारतानं १९९७ मध्ये रद्द करवलं, रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली. २००४ मध्ये बंगळूरुला तपस कुंडू यांच्या गटानं दाखवलं, की हळदीतलं कुर्क्युमिन अॅसिटिल चिकटवणारं एक एन्झाइम अडवतं. प्रयोगशाळेत! पण पोटातून ते रक्तात फारच थोडं उतरतं. म्हणून आमटीत हळद जरूर घाला, उपचारांच्या जागी मात्र नको.

गप्प जनुक, गोड बातमी!

कधीकधी जनुक गप्प असणं रुग्णाच्या पथ्यावर पडतं! ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरवर टेमोझोलोमाइड दिलं जातं. एमजीएमटी हे जनुक त्या औषधानं केलेलं नुकसान दुरुस्त करून टाकतं. ज्यांच्या ट्यूमरमध्ये ते मिथाइलनं गप्प केलेलं असतं, त्यांना औषधाचा जास्त फायदा होतो, हे २००५ मध्ये सिद्ध झालं. चोराचा गॅरेजवालाच सुट्टीवर!

शेवटचा थांबा, जामखेड

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. एपिजेनेटिक औषधं म्हणजे सगळ्या कुलपांची एकच किल्ली नव्हे. रक्ताच्या कॅन्सरमध्ये त्यांनी चांगली कामगिरी केली, घट्ट गाठींच्या कॅन्सरमध्ये लढाई अजून अवघड आहे. एक कुलूप उघडताना नको ती दहा उघडू नयेत, यासाठी जगभर प्रयोग चालू आहेत. पण कॅन्सरची पेशी म्हणजे कायमची बिघडलेली पेशी, हा समज मात्र बेडूकमाशांनीच मोडीत काढलाय!

आणि जामखेडच का? १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे इथं आले. गावातल्या, शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका बनवलं. १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बायकांनी जगाला दाखवलं, की आरोग्याचं ज्ञान कुलपात ठेवायचं नसतं, घरोघरी न्यायचं असतं.

मग आज रात्री हे घरी न्या. दात घासताना आरशासमोर तोंड उघडा. तीन बोटं उभी आत जातात का? गालात, जिभेखाली पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसते का? दिसली तर थेट डॉक्टर. आणि घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल, तर शेजारी बसा आणि पाच वर्षांच्या पावतीची गोष्ट त्यांना सांगा. आजच सोडली, तर मोजणी आजपासून सुरू!